बर्मिंगहॅमच्या दुनळीचा जीर्णोद्धार

विल्यम अॅन्सन आणि जॉन डीली यांनी 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीत दुनळी बंदुकीची जी रचना पेटंट केली, तिच्यात नळ्या खाली मोडताच आतले घोडे आपोआप चढतात. बाहेर काहीच दिसत नसल्यामुळे, दुरुस्त केलेली अशी जुनी दुनळी पाहताना नवखा माणूस नक्षीवरच भाळतो. माझी नजर मात्र आधी सांध्यावर जाते. बंदूक मिटून उजेडासमोर धरली आणि नळ्यांची मागची बाजू व पोलादी भिंत यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली, तर सांधा झिजलेला आहे आणि वरची झिलई केवळ रंगरंगोटी आहे, असे खुशाल समजावे.

दमास्कस नळ्यांचे काम सर्वांत चिकाटीचे असते. लोखंड आणि पोलाद यांच्या पिळलेल्या पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून त्या घडवलेल्या असतात. नळीवर मुद्दाम हलका गंज चढवायचा, तो उकळत्या पाण्याने थांबवायचा, हळुवार घासायचा आणि पुन्हा चढवायचा, असे करत गेल्यावरच ती नागमोडी वेलबुट्टी उमटते. अक्रोडाच्या दस्त्यालाही जवसाच्या तेलाचे पातळ हातच शोभतात. चकचकीत वॉर्निश मला तरी खपत नाही.

आतून घासल्याने नळीची जाडी घटते. म्हणूनच 1813 च्या कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे, शिक्के महत्त्वाचे: जुना शिक्का फक्त काळ्या दारूच्या (जुन्या पद्धतीच्या बारुदीच्या) चाचणीचा असेल, तर आधुनिक दारूची काडतुसे त्यात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.