राजाची जकात

रविवार, 9 नोव्हेंबर 2025. बार्सिलोना.

सकाळी नऊलाच बूट घालून बसलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, दहाला उघडतं. आणि ते म्युन्सिपाल्टीचं ऑफिस आहे. चौतीस वर्षं रोज जात होतात, अजून पोट भरलं नाही?" हिनं चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता भर घातली, "रविवारीसुद्धा ऑफिसच लागतं त्यांना."

खोटं नाही. इथं येऊन तीन आठवडे झाले. सग्रादा फॅमिलिया हे इथलं प्रसिद्ध चर्च मान दुखेपर्यंत वर बघून पाहिलं, समुद्रावर वाळूत बसून झालं, जावयांनी हौसेनं फुटबॉलचं मैदानही दाखवलं. सगळं छान. पण इथल्या नगरपालिकेची जुनी इमारत दर रविवारी सकाळी लोकांना फुकटात बघायला मिळते हे कळल्यापासून माझं लक्ष तिकडंच होतं. लोक परगावी गेले की देऊळ बघतात, मी कचरा उचलायची गाडी बघतो. खोड आहे ती.

मेट्रोनं जाउमा स्टेशनला उतरलो. दोन मिनिटांवर सान जाउमा चौक. रोमन लोकांच्या वेळचा गावचौकही इथंच होता म्हणे, म्हणजे दोन हजार वर्षं गावाचा कारभार या जागेवरून हललेला नाही. चौकाच्या एका अंगाला नगरपालिका, बरोबर समोर कॅटलन, म्हणजे इथल्या प्रांताच्या, सरकारचं मुख्यालय. महापालिका आणि मंत्रालय एकमेकांच्या दारात! निधी अडकला की आयुक्तांनी नुसता रस्ता ओलांडायचा. जावई म्हणाले, 14 एप्रिल 1931 ला आधी इकडच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि त्याच दुपारी समोरच्या इमारतीतून दुसऱ्या नेत्यानं आपली वेगळी घोषणा केली. समोरासमोर ऑफिसं असली की हेही होणारच. सणाला याच चौकात माणसांचे मनोरे रचतात. फोटो बघून दहीहंडीची आठवण प्रत्येक मराठी माणूस काढतो, ती मीही काढली. वरच्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं, ते आवडलं.

इमारतीचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला, खांबबिंब, सरकारी तोंडवळा. त्यासाठी बाजूच्या जुन्या गॉथिक भिंतीचा कोपरा छाटला. रस्तारुंदीत आपल्याकडं वाडे छाटतात तसाच. मुख्य दाराच्या दोन बाजूंना दोन पुतळे आहेत. एक राजा जाउमा पहिला. त्यानं 1249 साली शहराला स्वतःचा कारभार पाहायचा हक्क दिला, तेव्हा तो तिथं असणं समजण्यासारखं आहे. पण दुसरा राजाबिजा नाही. अंगरखा घातलेला एक साधा गृहस्थ. जुआन फिवेलर, नगरसेवक.

राजाच्या जोडीला नगरसेवक? जावयांना म्हटलं, बघा जरा यानं काय केलं ते. त्यांनी मोबाइलवर वाचून सांगितलं आणि मी चौकातच उभा राहिलो. ही दोघं पुढं गेलेली कळलंही नाही.

गोष्ट 1416 ची. गादीवर राजा फर्डिनांड. तो मूळचा इथला नव्हे, चारच वर्षांपूर्वी राजा म्हणून निवडून आणलेला. बार्सिलोनात मुक्कामाला होता. शहरात विकल्या जाणाऱ्या मांसावर नगरपालिकेचा कर होता आणि तो सगळ्यांना लागू होता. राजाच्या मुदपाकखान्याचा कारभारी मांस घेऊन गेला आणि कर भरेना. राजा कसला कर भरतो! तेव्हा हा फिवेलर राजापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, कर शहराचा आहे, तुमचा नाही, आणि तुम्हालाही भरावा लागेल. जाताना शोकाचे काळे कपडे घालून गेला होता म्हणे, परत येऊ याची खात्री नसल्यासारखा. राजा संतापला, पण कर भरला. मग कुणाचा निरोपही न घेता शहर सोडून निघाला आणि वाटेत इगुआलादा नावाच्या गावी 2 एप्रिलला वारला. आधीपासून आजारी होता बिचारा. गोष्टीला पुढच्या लोकांनी बराच मीठमसाला लावला आहे, हेही जावयांनी प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. लावू देत.

मांसावरचा, नगरपालिकेनं वसूल करायचा कर. आमच्या भाषेत याला जकात म्हणतात. आणि मी 1986 साली महापालिकेत लागलो तो जकात नाक्यावरच.

आत जायची रांग बाजूच्या गल्लीतून होती. तिथंच ती 1400 च्या आसपासची गॉथिक भिंत. जुन्या दारावर एक देवदूत, अंग दगडाचं आणि पंख चक्क धातूचे. पट्टा काढून, खिसे रिकामे करून आत गेलो. अंगणात मोठमोठ्या शिल्पकारांची कामं मांडली आहेत. मला त्यातलं कळत नाही, हिनं दोन फोटो काढले, पुढं.

जिना चढून शतसभेच्या दालनात आलो. सालो दे सेन. इथं पूर्वी शंभर जणांची नगरसभा बसायची, म्हणून शंभराचं दालन. पहिली बैठक 17 ऑगस्ट 1373. आपल्याकडं तेव्हा बहमनी राज्य. रुंद अर्धगोल दगडी कमानी, त्यावर रंगवलेल्या लाकडी तुळया, भिंतींना लाल-पिवळं कापड. कडेनं कोरीव लाकडी आसनं. त्यातल्या एकाच्या हातावर बोट फिरवलं तर दुरून पहारेकरी बाई खाकरल्या. हात मागं घेतला. लाकूड गुळगुळीत होतं. आमच्या महासभेतल्या बाकांचे हात असेच गुळगुळीत आहेत, फक्त खालून च्युइंगम असतो.

सभेत कोण कोण बसायचं ते ऐकून गंमत वाटली. 1455 पासून चार गट, प्रत्येकी बत्तीस जण: वतनदार नागरिक, व्यापारी, वैद्य-नोटरीसारखे पेशेवाले आणि कारागीर. म्हणजे चांभार-सुतारही या छताखाली बसून शहराच्या खर्चावर बोलत होते. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस, तरी नाव शंभराचंच. पुढं 1498 पासून पदांसाठी निवडणूक नव्हे, सोडत. पात्र लोकांची नावं छोट्या गोळ्यांत घालून पिशवीत टाकायची आणि लहान मुलाच्या हातानं एकेक काढायची.

मी मोठ्यानं हसलो. परवा मंगळवारी आमच्याकडं महापालिकांच्या प्रभाग आरक्षणाची सोडत आहे. तीही शाळेतली पोरंच काढणार! नाट्यगृहाच्या स्टेजवर बरणी, गणवेशातली मुलं, चिठ्ठी वर धरून दाखवणारा अधिकारी आणि खाली श्वास रोखून बसलेले इच्छुक. एका वर्षी त्या मुलांना आणायची-पोचवायची जबाबदारी माझ्याकडं होती. एक पोरगा चिठ्ठी काढून झाल्यावर मला विचारत होता, "काका, हे काका रडतायत का?" त्या काकांचा वॉर्ड गेला होता.

1714 साली वेढ्यानंतर शहर पडलं आणि जिंकणाऱ्या राजानं ही सभाच बरखास्त केली. साडेचारशे वर्षांची व्यवस्था पुसून टाकली. आमच्याकडं काही वर्षं निवडणुका नव्हत्या, प्रशासक होते, सभागृहाला कुलूप. दोन्हींची तुलना करायची नाही. पण बंद सभागृहाचा वास मला माहीत आहे. पंखे वर्षभर न फिरल्यावर येतो तो.

आणखी एक गोष्ट इथं कळली, ती कुणी ठरवून माझ्यासाठी ठेवल्यासारखी. हे दालन 1842 साली तोफगोळ्यांनी फुटलं. शहरात बंड झालं होतं, सरकारनं माँजुइकच्या किल्ल्यावरून एका दिवसात हजारावर गोळे डागले. बंडाची ठिणगी कशानं पडली? रविवारी वेशीबाहेर फिरायला गेलेली कामगार मंडळी परत येताना थोडी दारू घेऊन आली आणि नाक्यावर तिची जकात द्यायला नाही म्हणाली. असंतोष आधीपासून होताच, कापड गिरण्यांचा होता, आणखी कशाकशाचा होता. पण भडका नाक्यावर उडाला. म्हणजे दाराबाहेर जकात वसूल केली म्हणून एकाचा पुतळा, आणि आत जकातीपायीच पडझड झालेलं छप्पर. दुरुस्ती पुरी व्हायला 1914 उजाडलं.

आमचा नाका शहराच्या पूर्वेला होता. पत्र्याची खोली, एक टेबल, पावतीपुस्तकं, आणि रस्त्यावर आडवा बांबू. त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला. 1991 ची उन्हाळ्यातली रात्र. दोन ट्रक आले: साखर, तुपाचे डबे, डालडा, सुकामेवा. ड्रायव्हर म्हणाला, लग्नाचा माल आहे. कुणाच्या घरचं लग्न ते सांगितलं, आणि ते नाव ऐकून माझ्या जोडीदारानं पावतीपुस्तक मिटलं. मी म्हटलं, लग्नाला माफी नाही. तेवढ्यात फोन वाजला. साहेब. एवढंच म्हणाले, "गाड्या सोड." मी बांबू वर केला.

इतपत कुणाच्याही नोकरीत घडतं. मी विसरलोही असतो. पण ट्रकचे लाल दिवे दिसेनासे व्हायच्या आत एक बांगडीवाला सायकलवरून आला. मागं पत्र्याची पेटी. त्याच्याकडून मी साडेचार रुपये घेतले. पावती फाडून दिली. त्यानं ती चार घड्या घालून टोपीत ठेवली. तो काही बोलला नाही, मीही नाही.

काळे कपडे घालून जाणं वगैरे सोडाच. साहेबांना "बरं" म्हणायला मी किती वेळ लावला, हे आज त्या दालनात बसून आठवायचा प्रयत्न केला. वेळ लागलाच नव्हता.

पुढं जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, तीही गेली, 2017 ला जीएसटीनं मुंबईचे नाकेसुद्धा उठवले. माझी बदली त्याआधीच घरपट्टीत झाली होती. आमच्या नाक्याच्या जागी आता नर्सरी आहे, कुंड्या विकतात.

मग एका काळ्या संगमरवरी जिन्यानं वर आणखी एक दालन पाहिलं. चारी भिंतींवर छतापर्यंत चित्रं, सोनेरी उजेडात काळपट माणसं, घोडे, गलबतं. कॅटलन भाडोत्री सैनिक चौदाव्या शतकात पूर्वेकडं लढायला गेले त्याची कथा. सेर्ट नावाच्या चित्रकारानं 1929 च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास रंगवलेली. हिला हे सगळ्यात आवडलं. मला तिथं जीव कोंडल्यासारखं झालं. जिथं जेवणावळी घालायच्या तिथं इतकी मारामारी कशाला?

आताची सर्वसाधारण सभा भरते ते सभागृहही दिसलं. एक्केचाळीस नगरसेवक. एवढ्या मोठ्या शहराला एक्केचाळीस! मुंबईला दोनशे सत्तावीस आहेत. जावयांना वाटलं मी कौतुक करतोय. मी हिशेब करत होतो, एकेकाच्या मागं किती अर्ज येत असतील.

बाहेर आल्यावर पुन्हा फिवेलरसमोर गेलो. पुतळ्यापाशी फोटो काढायला कुणी नव्हतं. एक कबूतर होतं. लेकीला विचारलं, राजानं पैसे भरल्यावर त्याला पावती दिली असेल का? ती म्हणाली, "बाबा, चला, भूक लागलीय." पण माझं डोकं तिथंच. राजाच्या कारभाऱ्याकडं पैसे मागणारा पहिला माणूस फिवेलर नसणार. तो वरिष्ठ. आधी बाजारात कुणीतरी कारकून टेबलामागून उठून म्हणाला असेल, इतके झाले. मग त्यानं वर कळवलं असेल. आणि वरून "सोड" आलं नाही. त्याचं नशीब!

कोपऱ्यावर एक म्हातारी भट्टीवर चेस्टनट भाजत होती. या दिवसांत इथं जागोजागी भाजतात. बाजूला रताळीही होती, अगदी आपली, निखाऱ्यात काळी झालेली. कागदाच्या पुडीत बांधून घेतली. रताळं सोलताना बोटं पोळली, नातीनं फुंकर घातली.

रात्री सगळे झोपल्यावर खिशातले कागद काढले. इथं आल्यावर लेकीच्या घरी रंगाचं काम चालू होतं म्हणून आम्ही दोघं पहिल्या दोन रात्री हॉटेलात उतरलो होतो. त्याच्या बिलात खोलीभाड्याखाली वेगळी ओळ आहे: माणशी, रात्रीमागे, पर्यटकांवरचा कर, त्यात शहराचा वाटा. त्या दिवशी जावई काउंटरवर चिडले होते, "खोलीचे पैसे घेतात, वर हेही!" मी मुकाट्यानं नोटा मोजून दिल्या होत्या आणि बिल मागून घेतलं होतं.

ते आज या पानावर लावायचं ठरवलं. घरात गोंद सापडेना. पातेल्यात रात्रीचा भात उरला होता. चार शितं घेतली, बोटानं चुरून मागं फासली आणि दाबून बसवलं. एक कोपरा अजून वर येतोय. सकाळपर्यंत त्यावर डिक्शनरी ठेवतो.