काळी पडलेली बाटली

गेल्या पावसाळ्यात चोपडा तालुक्यातील आमच्या गावी गेलो असता, वहिनींच्या ओट्यावरील कोनाड्यात पाण्याच्या पाच लहान बाटल्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. प्रत्येकीवर गल्लीचे नाव आणि पाणी भरल्याची वेळ लिहिलेली होती, आणि त्यांपैकी दोन बाटल्यांतील पाणी शाईसारखे काळे झाले होते. पाण्यात मैला मिसळला असेल, तर आधीच तपासणीचे रसायन घातलेल्या या बाटलीतील पाणी साधारण 24 ते 48 तासांत काळे पडते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आमच्या गावातील त्या पाचही जणी एकाच बचत गटातील आहेत. शेजारचे आबा त्या बाटल्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पानी ते नितळ दिसस, मंग काय शे त्यामा?"

टाकीजवळच्या नळाची बाटली स्वच्छ होती, काळ्या पडलेल्या दोन्ही मात्र एकाच गल्लीच्या टोकाच्या होत्या. याचा अर्थ दोष विहिरीत किंवा टाकीत नसून मधल्या पाइपलाइनमध्ये होता. आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येते. मधल्या काळात पाइप रिकामा राहतो, आणि पाणी सुटताच लोक नळाला थेट मोटार लावतात, त्यामुळे फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. गटातील बायकांनी व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन ती गल्ली पायी तपासली, तेव्हा गटाराखालून गेलेल्या पाइपचा सांधा सुटलेला सापडला. ग्रामपंचायतीकडे पूर्वी तोंडी तक्रारी झाल्या होत्या, पण दुरुस्ती झाली ती ग्रामसभेत बाटली समोर ठेवल्यावर.

मला वाटते, गावातील गटांचे आणि मंडळांचे खरे काम हेच आहे. शुद्धीकरणाचे यंत्र देणगी देऊन फीत कापणाऱ्या संस्था पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु त्या यंत्राची जाळी बदलण्याचा खर्च कोण करणार, हे आधी ठरले नसेल, तर ते बंद पडते आणि लोक पुन्हा जुन्याच पाण्याकडे वळतात. त्याऐवजी पाण्यात रोज टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, पडते की नाही, हे पाहणारी माणसे गावातच हवीत. हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम, हे प्रमाण बहुतेकांना ठाऊक असते, पण पोत्याचे तोंड उघडे राहिले तर पावडरीतील क्लोरीन उडून जाते आणि मापात टाकूनही उपयोग होत नाही. म्हणून आमच्या गटाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरले हे दाखवणारी चाचणी, शेवटच्या घरातील नळावर करण्याचा आग्रह धरला. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरले, तरच पाणी वाटेत राखले गेले असे मानता येते.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे, तो बाटलीत दिसत नाही आणि टीसीएलने जातही नाही. खतांतील आणि शौचखड्ड्यांतील नायट्रेट भूजलात उतरते. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते, म्हणजे तान्ह्या बाळासाठी काळजीने उकळलेले पाणीच त्याला अधिक बाधू शकते. अशा पाण्यात कालवलेल्या दुधाने सहा महिन्यांखालील बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही आणि त्याचे ओठ निळसर पडतात. आमच्या एका हातपंपाच्या पाण्यात हे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्रयोगशाळेचा अहवाल फाइलमध्ये पडून राहू नये, म्हणून गटाने तो ग्रामसभेत वाचून दाखवायला लावला आणि दुसऱ्याच दिवशी त्या हातपंपाला लाल रंग दिला. धुण्याभांड्यांसाठी तो चालू आहे, पिण्याचे पाणी मात्र विहिरीवरून आणले जाते.

गावात सध्या सहा महिन्यांखालील चार बाळे आहेत, आणि त्या चार घरांची नावे वहिनींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहेत.