बंब मांडा, पण बफिंग नको

आज बडोद्यात मांडवीजवळच्या दुकानात पाणी तापवायचा तांब्याचा जुना बंब पाहिला, बफिंग करून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, आरशासारखा केलेला. जीव हळहळला. चाकावर धातूचा थर जातो. आधी मठाराचे, म्हणजे हातोडीच्या घडणीचे, ठोके पुसट होतात, मग कोरलेलं नाव. बडोद्यातल्या मराठी घरांत बंब आता बैठकीत मांडतात, फार छान. बाहेरून चिंच-मीठ चोळा, पाच मिनिटांत धुवा, लगेच कोरडं पुसा. मीठ राहिलं की हिरवे डाग येतात. तोटी कापून दिवा तर बसवूच नका! १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारतात पाहिलेल्या वस्तूंत आपला साधा लोटा बहुधा सर्वांत सुंदर ठरवला, तो धरायला, ओतायला, डोक्यावर न्यायला कसा जमतो हे पाहून. बंबातही तेच पाहावं: मधली विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी.