साखर आणि भाकर

लाईट गेली की आमच्या शेडमधले चोवीस माग एकदम थांबायचे. बाकीचे चहाला पळायचे. मी जागेवरच घुटमळायचो, कारण माझ्या कानातला एक माग तेव्हाही चालूच असायचा. बारीक, रातकिड्यासारखा. सगळ्यांनाच असं होत असणार, असं समजून मी वर्षानुवर्षं कुणाला विचारलंही नाही.

इचलकरंजीत साध्या यंत्रमागावर मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा जॉबर म्हणून, म्हणजे मागाचा बिघाड काढणारा. मागावर काम केलेल्याला सांगायला नको, शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नसतं. ओठ बघायचे, हातानं बोलायचं. 'चहा सांगितलाय, पैसे तू दे' एवढं सगळं चार माग पलीकडून बिनआवाजी ठरतं. त्यामुळं मी बहिरा होत चाललोय हे तिथं कुणाला कळलं नाही, मलाही नाही. कळलं ते घरी, जिथं शांतता होती तिथं.

एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "साखर संपलीया." मी म्हणालो, "असू दे, भात वाढ." पोरं हसून हसून लोळली. मीही हसलो. पण असं रोज व्हायला लागल्यावर हसणं थांबलं आणि "तुमास्नी माझं ऐकायचंच नसतंय" हे सुरू झालं. मग मी एक सोपी वाट काढली. समोरचा काहीही बोलला की मान हलवून "हं, हं" करायचं. चेहऱ्याकडं बघायचं आणि तो हसला तर आपणही हसायचं.

ही वाट एका लग्नात अंगलट आली. पंगतीत, बँडच्या आवाजात, साडूंनी कानाशी येऊन काहीतरी सांगितलं. मी हसून म्हणालो, "झ्याक झालं की!" ते ताटावरून उठले. नंतर बायकोनं सांगितलं, त्यांच्या धाकट्या भावाचा साखरेमुळं पाय कापावा लागला होता. मी पाया पडून माफी मागितली, त्यांनी केलीही. पण त्यानंतर दीड वर्ष मी एकाही लग्नाला गेलो नाही. पोटाचं कारण सांगायचो.

डॉक्टरकडं जायच्या आधी मी ऑनलाइन दीड हजाराचं एक कानात घालायचं यंत्र मागवलं. त्यानं ताट पडल्याचा आवाज तोफेसारखा केला आणि माणसाचं बोलणं होतं तसंच ठेवलं. चार दिवसांत ते कपाटात गेलं. शेवटी मुलगी ओढत कोल्हापूरला घेऊन गेली. कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला, पडदे ठीक आहेत म्हणाले आणि तपासणीला पाठवलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, टुंग ऐकू आलं की बटण दाबायचं. खरं सांगतो, मी दोनतीनदा न ऐकताच दाबलं. तपासणाऱ्या मॅडमनी ओळखलं. "काका, इथं पास-नापास नसतंय," म्हणाल्या.

कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या बाजूला, म्हणजे जाड आवाजाला, दोन्ही रेघा चांगल्या होत्या. तिथून पुढं, बारीक आवाजाला, विहिरीत उतरल्यासारख्या खाली गेल्या. चार हजार हर्ट्झला तळ, सत्तर डेसिबल, म्हणजे तेवढा मोठा केल्याशिवाय तो आवाज मला ऐकूच येत नाही. आठ हजाराला परत थोड्या वर. हा खड्डा बघितला की गोंगाटात काम केलेला माणूस ओळखता येतो, असं त्या म्हणाल्या. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी आवाजानं मरतात आणि परत उगवत नाहीत. मग त्यांनी साखरेचं कोडं सोडवलं. 'आ', 'ओ' हे जाड आवाज मला नीट येतात. 'स', 'ख', 'थ' हे बारीक, तेच गळतात. 'साखर'मधले 'स' आणि 'ख' गेले की उरतं 'आ-अर', आणि बाकीचं भुकेलेलं डोकं भरून घेतं: भाकर.

मुलीनं दिव्यांग कार्डासाठी अर्जही केला. तिथं कळलं की 2016 च्या कायद्याप्रमाणं दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत किमान 60 डेसिबल कमी पाहिजे. माझे जाड आवाज शाबूत, त्यामुळं सरासरी तिथवर जात नाही. घरचे मला बहिरा म्हणायला एका पायावर तयार, सरकार काही तयार होईना.

यंत्रं दोन्ही कानांना घेतली, अडतीस हजारांची जोडी, हप्त्यावर. पहिल्या दिवशी एसटीत बसलो आणि शेजारच्या बाईनं प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळली तर मी दचकलो. घरी आलो तर माझीच चप्पल वाजत होती. चिवडा खाताना डोक्यात खडी फुटत होती. स्वतःचा आवाज रांजणातून आल्यासारखा. तिसऱ्या दिवशी काढून डबीत ठेवली. मॅडमनी कॉम्प्युटरला जोडून आवाज उतरवला आणि रोज दोन-दोन तास वाढवत न्यायला सांगितलं. अशा तीन खेपा झाल्या. सवय लागायला तीन महिने गेले, आणि अजून लग्नाच्या हॉलमध्ये मी भिंतीला पाठ लावूनच बसतो. संध्याकाळपर्यंत डोकं शिणतं. ऐकण्यानंही माणूस दमतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बारीकसारीक शिकलो. सेलवरचं तपकिरी स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं, त्याला हवा लागते, मगच आत घालायचा. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आणि लाज सोडून म्हणायचं, "जरा माझ्याकडं तोंड करून बोला." ओरडू नका, हेही सांगावं लागतं. ओरडलं की जाड आवाज वाढतो, 'स' काही येत नाही.

परवा शेडवर गेलो. दारातच यंत्रं काढून डबीत घातली आणि आत जाऊन तासभर सगळ्यांशी गप्पा मारल्या, जुन्यासारख्या, हातानं. माझ्या जागी आता एक पंचविशीतला पोरगा आहे. कानात सुताचे बोळे कोंबलेले. कापसानं फारसं काही अडत नाही, म्हणून मी त्याच्यासाठी फोमचे बोळे नेले होते, दाबून घालायचे. त्यानं हातानंच सांगितलं: हे घातल्यावर मागाचा ठोका चुकला ते कसं कळणार? मी चौदा वर्षं ठोक्यावरूनच बिघाड ओळखत आलो, त्याला काय उत्तर देणार. हात लावून बघ, कंप कळतो, एवढं खुणेनं सांगितलं. त्यानं मान हलवली, हसला आणि पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं, तंबाखूच्या पुडीशेजारी.

ती मान मला ओळखीची वाटली.