माउस काढून ठेवला तो महिना

उजवं मनगट बरेच महिने दुखत होतं. टायपिंगने नव्हे, माउसने. हात कीबोर्डवरून उचलायचा, बाजूला न्यायचा, बारीकशा खुणेवर बाण टेकवायचा, परत यायचं. दिवसातून शेकडो वेळा. शेवटी ठरवलं, महिनाभर माउसला हात लावायचा नाही.

वायर काढण्याआधी मी एक काम केलं, त्यावरच पुढे निभावलं. विंडोजमध्ये माउस कीज म्हणून सोय आहे. डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं की ती चालू करायची का असं विचारतं. मग नंबरपॅडवर ८, २, ४, ६ ने बाण सरकतो, ५ ने क्लिक होतं. माझ्याकडे आल्ट-शिफ्टवर भाषा बदलते, त्यामुळे नम लॉक गाठेपर्यंत बोटं सुटली तर भाषाच बदलून जायची. सवय झाल्यावर ते थांबलं.

पहिला आठवडा शॉर्टकट पाठ करण्यात गेला, आणि तो जवळजवळ फुकट गेला. विंडोज बटणाबरोबर १ ते ९ पैकी आकडा दाबला की टास्कबारवरचा त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो, राइट क्लिकऐवजी शिफ्ट-एफ १० चालतं. हे हाताला दोन दिवसांत लागतं. खरी अडचण वेगळीच होती. टॅब दाबत जायचं, पण मी आत्ता कुठे आहे तेच दिसायचं नाही. माउसचा बाण डोळ्यांना सतत सांगत असतो, ‘तू इथे आहेस’. तो गेला की ते काम फोकसने, म्हणजे कीबोर्ड आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेने करायचं असतं, आणि ही खूण म्हणजे पुष्कळदा बटणाभोवतीची एक केसाएवढी चौकट. मी सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टेक्स्ट कर्सर (लिहिताना लुकलुकणारी उभी रेघ) जाड केला, त्याला रंगीत इंडिकेटर लावला. त्या दिवसापासून चुका निम्म्यावर आल्या. आज कुणी विचारलं तर मी शॉर्टकटची यादी देणार नाही, आधी हे करायला सांगेन.

ब्राउझरसाठी व्हिमियम हे एक्स्टेन्शन घेतलं. एफ दाबलं की पानावरच्या प्रत्येक लिंकवर एकदोन अक्षरांची चिठ्ठी चिकटते. ती अक्षरं टाइप केली की लिंक उघडते. जे आणि के ने पान खालीवर होतं. पहिल्या संध्याकाळी सगळं सुरळीत, दुसऱ्या दिवशी काहीच चालेना. एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. मग लक्षात आलं, मी मराठीत मेल लिहून उठले होते आणि कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवरच होता. तिथे एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, जे म्हणजे र. व्हिमियम बिचारं एफची वाट पाहत होतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड लेआउटकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण केली आणि प्रश्न मिटला. मराठी टाइप करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

सगळ्यात जास्त राग आला तो एका फॉर्मवर. नाव, पत्ता, सगळं टॅबने भरलं. जन्मतारखेशी आले तर टॅब सरळ पुढच्या रकान्यावर उडी मारून गेला. तारीख टाइप करता येत नव्हती, फक्त क्लिकने उघडणारं कॅलेंडर होतं. वेबसाइट कीबोर्डने वापरता आली पाहिजे आणि फोकस दिसला पाहिजे, हे दोन्ही निकष डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांमध्ये, २००८ पासून लिहिलेले आहेत. मी माउस कीज चालू केल्या, बाण रांगत रांगत कॅलेंडरपर्यंत नेला आणि एकेक वर्ष मागे जात राहिले. माझ्याकडे निदान हा मार्ग होता, शिवाय कपाटात माउसही होता. ज्यांना माउस धरताच येत नाही आणि ही सोय कुणी दाखवलेली नाही, त्यांचा फॉर्म जन्मतारखेपाशीच अडतो. त्याच दिवशी त्या साइटवाल्यांना मेल पाठवला, कुठल्या रकान्यात काय होतं ते पायरीपायरीने लिहून.

महिना होऊन गेला. मनगट बरंच हलकं आहे, वायर अजून काढलेलीच आहे. फोटो क्रॉप करणं तेवढं किचकट वाटतं: नंबरपॅडवरचं ० दाबून कोपरा धरायचा, ६ आणि २ ने हवा तिथवर न्यायचा, टिंबाचं बटण दाबून सोडायचा.