लिनक्स शिकायचंय? आधी मोडतोडीला जागा करा

लिनक्स शिकायला बसलेली बरीच मंडळी पहिले काही आठवडे कोणतं डिस्ट्रो (लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती) घ्यावं या चर्चेतच घालवतात. उबुंटूचं एलटीएस (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) किंवा लिनक्स मिंट, दोन्हींपैकी काहीही घ्या. दोन्हींवर एपीटी (सॉफ्टवेअर टाकायची कमांड) चालतं, आणि अडलात तर त्याच अडचणीत आधी अडकलेले लोक सापडतात. उबुंटूचं एलटीएस दर २ वर्षांनी एप्रिलमध्ये येतं, म्हणून २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. त्याला ५ वर्षं नेहमीचे अपडेट मिळतात. शिकण्यासाठी एवढं पुरेसं आहे, निर्णय इथेच संपवा.

डिस्ट्रो कुठे टाकता हे जास्त महत्त्वाचं. रोजच्या लॅपटॉपवर पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) पाडून सुरुवात केली की हात आखडतो, आणि हात आखडला की शिकणं थांबतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाका, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर (व्हर्च्युअल मशीनवर). लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी, २ प्रोसेसर आणि २५ जीबी डिस्क द्या. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली तर वापराल तेवढीच जागा जाते. मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता मोठी: इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर एसव्हीएम या नावाने शोधा. विंडोजवर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू असेल तर मशीन रखडत चालतं, खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. इन्स्टॉल आणि अपडेट झाल्या झाल्या मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन होते. आता काहीही उडवा, दोन मिनिटांत पूर्ववत. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, हेसुद्धा कमांड शिकायला छान आहे, पण बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि पार्टिशन तिथे शिकता येत नाहीत.

(इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.)

पहिल्या आठवड्यात एकच सवय लावा: मॅन पान, म्हणजे कमांडसोबतच येणारी माहिती, वाचणं. ‘मॅन एलएस’ लिहा (एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड), तिरकी रेघ देऊन शब्द शोधा, ‘एन’ने पुढच्या ठिकाणी जा, ‘क्यू’ने बाहेर या. पानं विभागलेली असतात: १ मध्ये रोजच्या कमांड, ५ मध्ये फाइलींची रचना, ८ मध्ये ॲडमिनच्या कमांड. त्यामुळे ‘मॅन पासडब्ल्यूडी’ने पासवर्ड बदलायची कमांड उघडते आणि ‘मॅन ५ पासडब्ल्यूडी’ने त्याच नावाच्या फाइलीतला प्रत्येक रकाना कळतो. कमांडचं नावच आठवत नसेल तर ‘मॅन’ला ‘-के’ लावून विषयाचा शब्द द्या. व्हिडिओतून पाठ केलेल्या पन्नास कमांड महिनाभरात विसरतात. ही सवय लागली तर विसरायची भीतीच राहत नाही.

त्यानंतर परवानग्या, म्हणजे कोणती फाइल कोण वाचू, बदलू किंवा चालवू शकतो. इथे घाई करू नका, कारण नवख्यांच्या निम्म्याहून जास्त अडचणी इथूनच येतात असं माझं ठाम मत आहे. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, आणि मालक-गट-इतर अशा तीन बेरजा (म्हणून ६ म्हणजे वाचणं आणि लिहिणं), हे सगळे सांगतात. डिरेक्टरीवर (म्हणजे फोल्डरवर) वाचणं-लिहिणं-चालवणं यांचा अर्थ बदलतो, हे मात्र करून पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. ‘सराव’ नावाची डिरेक्टरी करा, आत एक फाइल ठेवा. सीएचमॉडने (परवानगी बदलायची कमांड) डिरेक्टरीला ६४४ द्या. एलएस केलं तर फाइलचं नाव दिसेल (उबुंटूत सोबत तक्रारही येईल), पण कॅटने (फाइलचा मजकूर दाखवणारी कमांड) ती उघडणार नाही. आता ३११ द्या. एलएस नकार देईल, पण पूर्ण नाव देऊन कॅट केलं तर मजकूर दिसेल. म्हणजे डिरेक्टरीवर वाचणं म्हणजे यादी पाहणं, आणि चालवणं म्हणजे आत शिरणं. आता डिरेक्टरी परत ७५५ करा, फाइलला ४४४ द्या आणि आरएमने (फाइल काढून टाकणारी कमांड) उडवा. ती एकदा विचारेल आणि जाईल, कारण फाइल उडवणं म्हणजे डिरेक्टरीच्या यादीत बदल करणं. आणि आरएमला कचरापेटी नसते. हा प्रयोग सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी ॲडमिनच्या, हक्काने कमांड चालवणं) न वापरता करा. रूटला या अडवणुकी लागू होत नाहीत, त्यामुळे काहीच दिसणार नाही.

हे समजलं की ‘सगळ्याला ७७७ द्या’ हा सल्ला का टाळायचा तेही उमगतं: त्याने अडचण दिसेनाशी होते, पण मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता त्या फाइली बदलू शकतो.

एपीटी चालवताना ‘लॉक मिळत नाही’ असा एरर हमखास येतो. मशीन नुकतंच सुरू झालं असेल तर आपोआप होणारे अपडेट मागे चालू असतात. थांबा. लॉक फाइल उडवण्याचा तोडगा जागोजागी दिसेल, पण चालू इन्स्टॉलेशनच्या मध्ये तसं केलं तर पॅकेजची नोंद अर्धवट राहू शकते.

सरावाला ओव्हरदवायरचा बँडिट हा मोफत खेळ उत्तम. एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षितपणे शिरायची कमांड) आत जायचं, पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. विचित्र नावांच्या फाइली तिथे लवकरच भेटतात. नुसतं हायफन असं नाव असेल तर कॅट त्याचा अर्थ ‘कीबोर्डवरून घ्या’ असा लावतं आणि नुसतंच थांबून राहतं. कंट्रोल-सीने सुटका करून घ्या आणि नावाआधी टिंब व तिरकी रेघ लावा. मराठीतून ऐकत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे पाठ आहेत. व्हिडिओ थांबवत, प्रत्येक कमांड स्वतः टाइप करत पाहा.

मग एक खरं काम घ्या: दुसरं व्हर्च्युअल मशीन करून त्यात पासवर्डशिवाय, एसएसएच कीने (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी, एक खाजगी आणि एक सार्वजनिक) शिरायचं. खाजगी की इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरत नाही, ६०० द्या. याउलट सर्व्हरवर (म्हणजे त्या दुसऱ्या मशीनवर) होम डिरेक्टरीत गटाला लिहिण्याची परवानगी असेल तर की बरोबर असूनही तो काही न सांगता पासवर्ड मागतो. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं: ‘सुडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ चालवा, डिरेक्टरीचा मालक किंवा मोड चुकीचा असल्याची ओळ दिसेल. होमला ७५५ किंवा ७५० द्या, आतल्या टिंब-एसएसएच डिरेक्टरीला ७००, आणि पुन्हा लॉगिन करा.