कसला वास?

गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून मला सोळा वर्षं झाली. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत माझं जाणं रोजचंच. नवं कनेक्शन जोडणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मागच्या पावसाळ्यात शहापुरातल्या एका आजींकडं मात्र अख्खी दुपार गेली.

आजोबा वारल्यावर मुलानं घरातला सिलिंडर काढायला लावला होता. म्हातारं माणूस एकटं, आगीशी खेळ नको म्हणून. तेव्हापासून आजी इंडक्शनवर. एकटीपुरती गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या योजनेतली फुकट वीज भागत होती. मग लेक दोन पोरांना घेऊन राहायला आली आणि मीटर पळायला लागला. २,००० वॅटची शेगडी तासभर चालली की २ युनिट, आणि महिन्याला २०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरायचं. त्यात पावसात करंट गेला की भात निम्मा कच्चा.

"आणि भाकरी रे," आजी म्हणाल्या. "ज्वाळच नाही तर फुगंल कशी?"

विजेवर चाललेल्या स्वयंपाकघरात गेलो की मी आधी खाली बघतो. गॅस हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा फरशीवर पसरतो. इथं ओट्याखाली सुतारानं घट्ट दारांचं कपाट केलेलं, खाली-वर जाळी नाही, आणि आत फरशीपासून वीतभर उंचीवर फ्रिजचा प्लग. मुलाचा पुण्याहून फोन : सिलिंडर कपाटातच ठेवा, बाहेर बरा दिसत नाही. मी नाही म्हणालो. तो चिडला, चिडू दे. सिलिंडर खिडकीजवळ उघड्यावर उभा केला आणि प्लग वर घ्यायला ओळखीच्या वायरमनला बोलावलं.

व्हॉल्व्हमधली रबरी रिंग बघितली, रेग्युलेटर बसवला, दीड मीटरची नारिंगी नळी जोडली, साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. नव्या नळीत आधी हवा असते, त्यामुळं बर्नर पहिल्यांदा पेटत नाही. दोनदा लायटर मारला, नुसतं फुस्स. तिसऱ्यांदा मारण्याआधी बंद केला. तेवढ्यानंच भपकारा आला, धाकटा नातू नाक धरून बाहेर पळाला.

"बघा आजी, असा वास आला की लायटर नाही, बटण नाही, आधी रेग्युलेटर बंद..."

"कसला वास?"

मला वाटलं थट्टा. मांडणीवरची हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाशी धरली. आजींनी जोरात हुंगलं आणि मान हलवली. "कोरोना झाला तेव्हापासून काही कळत नाही बघ."

लेक बघतच राहिली. मीठ-तिखट जिभेला लागतं, म्हणून घरात कुणाला पत्ताच नव्हता.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन घालतात. आमची सगळी शिकवण त्या एका घाण वासावर उभी! मी सिलिंडर परत न्यायचं बोललो. आजी ताडकन म्हणाल्या, "नाक गेलंय, कान नाही गेले."

मग कानावरच भागवलं. रेग्युलेटर बंद होताना 'टक' वाजतो. तो टक ऐकल्याशिवाय ओट्यापासून हलायचं नाही. दहा वेळा करून घेतलं. लेकीनं गॅस गळला की ओरडणारं यंत्र आणलं, बॅटरीवरचं, करंट गेला तरी चालणारं. वायरमन ते छताजवळ लावायला निघाला होता, मी फरशीपासून फूटभरावर लावायला लावलं. कॅलेंडरवर १९०६ हा गळतीचा नंबर ठळक लिहून दिला.

पंधरा दिवसांनी फोन आला. "यंत्र ओरडलं रे!"

स्कूटर मारत गेलो. खिडक्या सताड उघड्या, रेग्युलेटर बंद, पोरं पावसात अंगणात उभी. साबणपाणी सगळीकडं फिरवलं, गळती कुठंच नाही. तेवढ्यात थोरल्या नातवाच्या शर्टाचा घमघमाट आला. पठ्ठ्यानं यंत्रासमोर बसून बॉडी स्प्रे मारला होता. त्या डब्यातसुद्धा ब्यूटेन-प्रोपेनच असतो, आमच्याच सिलिंडरातला.

"काय करूलास रे भाड्या!" म्हणत आजी छत्री घेऊन त्याच्या मागं. मग आत आल्या, रेग्युलेटर चालू केला आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

चहा गाळून झाल्यावर माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "गप्प बस जरा." टक वाजला, मगच कप हातात दिला.